अमेरिकन कॉलेजांतले पुरुष व्हॉलीबॉलपटू नेमके कुठून येतात?

खडूची_रेघ

सुरुवात यादीनेच करतो. पॅरिस २०२४ ला कांस्यपदक मिळवलेल्या अमेरिकन पुरुष संघात बारा जण होते, आणि बाराही जण तिथल्या कॉलेज संघांतून वर आलेले. आधी घर, मग कॉलेज, मग जागा:

क्रिस्टेन्सन – होनोलुलू – यूएससी – सेटर
मा'आ – कानेओहे, हवाई – यूसीएलए – सेटर
एरिक शोजी – होनोलुलू – स्टॅनफर्ड – लिबेरो (मागच्या रांगेत फक्त बचाव करणारा)
डिफाल्को – हंटिंग्टन बीच, कॅलिफोर्निया – लाँग बीच स्टेट – अटॅकर
मुआगुटुटिया – ओशनसाइड, कॅलिफोर्निया – यूसीएलए – अटॅकर
अ‍ॅव्हरिल – सॅन होजे, कॅलिफोर्निया – हवाई विद्यापीठ – ब्लॉकर
डेव्हिड स्मिथ – सॉगस, कॅलिफोर्निया – यूसी अर्व्हाइन – ब्लॉकर
जेश्की – व्हीटन, इलिनॉय – लॉयोला शिकागो – अटॅकर
जेंड्रिक – व्हीटन, इलिनॉय – लॉयोला शिकागो – ब्लॉकर
होल्ट – सिनसिनाटी, ओहायो – पेन स्टेट – ब्लॉकर
अँडरसन – बफेलोच्या बाजूचं वेस्ट सेनेका, न्यूयॉर्क – पेन स्टेट – युनिव्हर्सल (सेटरच्या समोरच्या जागेचा अटॅकर)
रसेल – एलिकॉट सिटी, मेरीलँड – पेन स्टेट – अटॅकर

कॅलिफोर्निया ४, हवाई ३, उरलेल्या अमेरिकेतून ५. पण शेवटचा रकाना उभा वाचा. हवाईची तिन्ही पोरं चेंडू हाताळणाऱ्या जागांवर आहेत: दोन सेटर (अटॅकरला चेंडू उचलून देणारे, आपल्याकडचे लिफ्टर किंवा बूस्टर) आणि एक लिबेरो. या दोन राज्यांच्या बाहेरून आलेले पाचही जण दोन मीटरच्या आसपास किंवा वरचे आहेत, आणि पाचही जण नेटवर मारायला किंवा अडवायला घेतलेले. कॅलिफोर्नियाचे चौघे अटॅकर आणि ब्लॉकर असे निम्मे निम्मे.

दुसरी गोष्ट कॉलेजच्या रकान्यात दिसते. इलिनॉयचे दोघे लॉयोलाला, पूर्वेकडचे तिघे पेन स्टेटला. नाव देशभर गाजत असलं तरी पोरगा शक्यतो घरापासून गाडीने जाता येईल अशा ठिकाणी गेलाय. अपवाद हवाईचा. तिथून तिघेही समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियात गेले, आणि कॅलिफोर्नियाचा अ‍ॅव्हरिल उलटा हवाईला आला.

बारा हा आकडा लहान आहे हे मान्य. म्हणूनच धागा काढलाय. कॉलेजांच्या रोस्टरवरून (संघाच्या याद्यांवरून) मोठी मोजणी कशी करावी, आणि नकाशा असा का दिसतो, यावर लिहा.

---

तिसरा_टच

चांगला धागा. आधी एक गोंधळ टाळू या: विजेत्या कॉलेजांचा नकाशा आणि खेळाडूंच्या घरांचा नकाशा हे दोन वेगळे नकाशे आहेत.

पहिला सोपा आहे. एनसीएएची (कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) पुरुषांची स्पर्धा १९७० ला सुरू झाली. १९७० ते १९९३ ही सलग २४ वर्षं विजेतेपद कॅलिफोर्नियाच्या बाहेर गेलंच नाही. यूसीएलए, यूएससी, पेपरडाइन, एकदा सॅन डिएगो स्टेट (१९७३), एकदा लाँग बीच स्टेट (१९९१), संपली यादी. १९९४ ला पेन स्टेटने यूसीएलएला हरवून ही साखळी तोडली. त्यानंतर ब्रिगहॅम यंगने १९९९, २००१ आणि २००४ अशी तीन विजेतेपदं युटात नेली. मग २०१४ ते २०१७ ही चार वर्षं सगळी मिडवेस्टची (इलिनॉय, ओहायो अशा मध्य-उत्तर राज्यांची): लॉयोला दोनदा, ओहायो स्टेट दोनदा. २०१८ पासून गाडी पुन्हा पॅसिफिकच्या काठावर: लाँग बीच २०१८, २०१९ आणि २०२५, हवाई २०२१ आणि २०२२, यूसीएलए २०२३ आणि २०२४. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झाली नाही.

एकट्या यूसीएलएची १९ विजेतेपदं.

---

गणितातला_ढ

@तिसरा_टच, १९ ही अ‍ॅल स्केट्स यांच्या काळातली (१९६३ ते २०१२ ते प्रशिक्षक होते). २०२३ आणि २०२४ धरून २१ होतात.

आता मोजणीबद्दल. रोस्टर उघडून ‘होमटाउन’ मोजत सुटलात तर आकडे येतील, पण वाकडे येतील. ही पद्धत वापरा:

१. एका वेळी एकच हंगाम घ्या. कॉलेजचा हंगाम जानेवारी ते मे असतो, म्हणून रोस्टर जानेवारीच्या शेवटी उतरवून घ्या. ऑक्टोबरमधल्या यादीत नंतर गळणारी नावं असतात.
२. प्रत्येक खेळाडूसाठी सहा रकाने: गाव, राज्य किंवा देश, शाळा, क्लब, जागा, आणि त्या हंगामात किती सेट खेळला.
३. गाव आणि शाळा वेगळ्या राज्यांत असतील तर शाळेचं राज्य धरा. जन्मगाव कधीच धरू नका. कार्च किरायचा जन्म मिशिगनमधल्या जॅक्सनचा आहे, पण तो घडला सांता बार्बरात. जन्मगाव धरलंत तर कॅलिफोर्नियाचा सगळ्यात मोठा खेळाडू मिशिगनच्या खात्यात जाईल.
४. दुसऱ्या कॉलेजमधून बदली होऊन आलेल्यांना नावाने जुळवा. पाच वर्षांचा डेटा एकत्र केला की असे लोक दोन-दोन वेळा मोजले जातात. बहुतेक तक्त्यांमधली चूक इथेच असते.
५. नुसती डोकी मोजू नका, खेळलेल्या सेटनी वजन द्या. रोस्टरच्या शेवटचे पाच-सहा जण बऱ्याचदा कॉलेजच्या आसपासचे, शिष्यवृत्तीशिवाय आलेले असतात. त्यांच्यामुळे स्थानिक राज्य फुगतं.
६. शेवटी लोकसंख्येने भागा.

सहावी पायरी केली की चित्र पालटतं. २०२० च्या जनगणनेत हवाईची लोकसंख्या साधारण १४.५५ लाख होती. २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराएवढी, त्याहून किंचित कमीच. कॅलिफोर्निया जवळजवळ ४ कोटी. म्हणजे खडूच्या यादीत हवाईत पाच लाखांमागे एक ऑलिंपिकपटू आणि कॅलिफोर्नियात एक कोटीमागे एक. नाशिकमधून एका ऑलिंपिक संघाचे दोन सेटर आणि लिबेरो निघाले असं डोळ्यासमोर आणा, म्हणजे आकड्याचं वजन कळेल.

---

वाळूतली_चप्पल

हवाई आणि दक्षिण कॅलिफोर्नियाबद्दल सगळे ‘बीच आहे ना तिथे’ म्हणून विषय संपवतात. बीचमुळे नेमकं काय होतं ते बघा.

सहा जणांच्या खेळात एका बाजूला चेंडू आला की जास्तीत जास्त तीन टच, म्हणजे माणशी सरासरी अर्धा. दोघांच्या खेळात तेच तीन टच दोघांत, माणशी दीड. तासभर खेळलं तर तिप्पट चेंडू हाताला लागतो, तेही कोचने कुठला सराव घ्यायच्या आधी. जागेचं बघा: इनडोअरची एक बाजू ९ बाय ९ मीटर, ८१ चौरस मीटर, सहा जणांत माणशी साडेतेरा. बीचची ८ बाय ८, ६४ चौरस मीटर, दोघांत माणशी ३२. चेंडू कुठे पडणार हे सर्व्हिस करणाऱ्याच्या खांद्यावरून ओळखायला लागतं, नाहीतर वाळूत पाय रुतलेला माणूस पोचतच नाही.

शिवाय बीचवर बोटांनी सेट करताना पंच दुहेरी स्पर्शावर फार कडक असतात. चेंडू हातातून सुटताना जास्त फिरला की शिट्टी. त्यामुळे पोरं दोन्ही हात एकदम सोडायला शिकतात. हीच सवय घेऊन पोरगा हॉलमध्ये आला की त्याचा सेट गिरकी न घेता जातो आणि अटॅकरला शिवण दिसते. हवाईतून सेटर का येतात याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आणि बीचवर लपायला जागा नाही. दोन मीटरच्या पोरालाही सर्व्हिस घ्यावीच लागते, कारण समोरचे मुद्दाम त्यालाच टाकतात. मिडवेस्टच्या हॉलमध्ये तोच पोरगा मधला ब्लॉकर असेल तर मागच्या रांगेत त्याच्या जागी लिबेरो येतो, आणि वर्षानुवर्षं पास न करता तो कॉलेजला पोचतो.

---

मिडवेस्टकर

@वाळूतली_चप्पल, बीच मान्य, पण मग व्हीटनचं काय करायचं? शिकागोच्या पश्चिमेला पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं उपनगर. जेश्की तिथला, जेंड्रिक तिथला, आणि त्यांच्या आधी शॉन रूनीही तिथलाच (तो मात्र पेपरडाइनला गेला आणि २००५ चं विजेतेपद घेऊन आला). जानेवारीत तिथे उणे तापमान असतं, वाळू कुठली?

तिथलं गणित वेगळं. इलिनॉयमध्ये मुलांचा व्हॉलीबॉल हा शाळांचा अधिकृत खेळ आहे, म्हणजे शाळेचा हॉल, शाळेचा कोच, शाळेची बस आणि राज्य स्पर्धा. पालकाच्या खिशातून क्लबची फी जायच्या आधीच पोराला खेळ भेटतो. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्येही तसंच, पण हंगाम वेगळा. इलिनॉयमध्ये शाळेचा हंगाम वसंतात असतो, त्यामुळे क्लबचं वर्ष मधोमध तुटतं: हिवाळ्यात क्लब, मार्चपासून शाळा, मग जूनमध्ये परत क्लब. विस्कॉन्सिनमध्ये शाळा शरद ऋतूत खेळून मोकळ्या होतात, आणि हिवाळ्यापासून जुलैपर्यंत क्लब सलग चालतो. संघ म्हणून घट्ट होण्यासाठी विस्कॉन्सिनची पद्धत बरी. शिवाय कॉलेजचे कोच स्वतःच्या जानेवारी ते मे हंगामात अडकलेले असतात, त्यांना शरद ऋतूत शाळेचे सामने बघायला वेळ मिळतो हा विस्कॉन्सिनला आणखी एक फायदा. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

अजून एक. ओहायो स्टेटची २०१६-१७ ची दोन विजेतेपदं ‘मिडवेस्टची गुणवत्ता’ म्हणून सांगितली जातात. त्या संघाचा मुख्य अटॅकर निकोला शेर्शेन फ्रान्सचा होता. तेव्हा गणितातल्या ढांची तिसरी पायरी इथेही लावा.

---

आईची_गाडी

प्रश्न: टेक्सासचं नाव कुणीच घेत नाही. आम्ही डॅलसच्या बाजूला आहोत. इथे उंच पोरांना तोटा नाही, मुलींचा व्हॉलीबॉल तर जोरात आहे. मग मुलांचा नकाशा इथे कोरा का? १३ वर्षांच्या मुलासाठी विचारतेय.

---

खडूची_रेघ

@आईची_गाडी, कारण एका ओळीत: टेक्सासच्या सरकारी शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था यूआयएल मुलांचा व्हॉलीबॉल घेत नाही. तीन कोटींचं राज्य, पण शाळेत संघच नाही. उंच मुलगा आठवीत फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या कोचच्या नजरेला पडतो आणि तिकडेच जातो.

देशभराचं प्रमाण बघा. शाळांमधून व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली साडेचार लाखांहून जास्त, मुलं लाखाच्या आत. मुलांचा आकडा वाढतोय, आणि वाढतोय तो मुख्यतः नवी राज्यं जोडली गेल्यामुळे. ओहायोने २०२३ च्या वसंतापासून मुलांचा व्हॉलीबॉल अधिकृत केला, युटाने २०२४ पासून, मिनेसोटा आणि इंडियानाने २०२५ ला. त्याआधी ओहायोत खेळ नव्हता असं नाही, क्लब-शाळांची वेगळी संघटना होती आणि होल्ट सिनसिनाटीतून तसाच आला. पण अधिकृत झालं की शाळेला कोचचा पगार आणि हॉलची वेळ द्यावी लागते. फरक तिथे पडतो.

---

नेटची_उंची

टेक्सासमधल्या पालकांसाठी एक प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट. तिथले बहुतेक हॉल मुलींच्या क्लबचे आहेत आणि नेट २.२४ मीटरवर लावलेलं असतं. मुलांचं नेट २.४३. १९ सेंटीमीटरचा फरक, ऐकायला किरकोळ वाटतो.

१३-१४ वर्षांच्या गटात मुलंही २.२४ वरच खेळतात, तोवर ठीक. पंधरा लागलं की २.४३. ज्या हॉलमध्ये ‘चला, आजच्या दिवस राहू दे, पोल कोण वर करणार’ असं चालतं, तिथल्या मुलांमध्ये तीन दोष ठरलेले दिसतात. एक, सेट खालून जातो, कारण २.२४ वर तेवढा पुरतो. दोन, अटॅकर कोपर खाली ठेवून सरळ खाली मारतो, आणि उंच नेटवर तोच चेंडू नेटच्या पट्टीत जातो किंवा थेट ब्लॉकवर. तीन, ब्लॉक करणारा हात नेटच्या पलीकडे न नेता फक्त वर उभे करतो, कारण खालच्या नेटवर तेवढ्याने चेंडू अडत होता. हे तिन्ही सतराव्या वर्षी सुटायला एक हंगाम जातो, आणि तोच कॉलेजच्या निवडीचा हंगाम असतो.

म्हणून क्लब बघायला गेलात की टेप घेऊन जा. नेट मधोमध मोजा, २.४३ हवं. दोन्ही टोकं सारखी हवीत आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटीमीटरहून जास्त वर नकोत. अँटेना (नेटच्या दोन टोकांच्या उभ्या काठ्या) नेटबरोबर वर सरकवल्या आहेत का तेही बघा. अँटेना जुन्याच उंचीवर लोंबत असतील तर समजा की नेट तुमच्यासाठी आज वर केलंय, रोज नाही.

---

तिसरा_टच

@नेटची_उंची, टेप घेऊन जा हे आवडलं. क्लबवाल्यांना घाम फुटेल.

---

पैशाचं_बोला

आतापर्यंत कुणी शिष्यवृत्तीचं काढलं नाही, आणि नकाशाचं मूळ तिथेच आहे.

२०२५ पर्यंत एका पुरुष व्हॉलीबॉल संघाला जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या देता येत होत्या. साडेचार, आणि संघात वीसेक पोरं. कोच त्या तुकड्या करून वाटायचे: कुणाला पाव, कुणाला निम्मी. मुलींच्या वरच्या पातळीच्या संघाला बारा पूर्ण मिळायच्या. आता पोरगा पाव शिष्यवृत्तीवर येणार असेल तर उरलेली पाऊण फी कोण भरतं? पालक. मग पालक राज्यातल्या सरकारी विद्यापीठाकडे बघतात, जिथे स्थानिक रहिवाशाला फी कमी. कॅलिफोर्नियात अशी सरकारी विद्यापीठं ओळीने आहेत: यूसीएलए, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सॅन डिएगो, लाँग बीच, नॉर्थरिज. घरून संघ दिसतो, फी परवडते, पोरगा तिथेच राहतो. बाहेरच्या राज्यातून त्याच संघात यायचं तर तेवढ्याच तुकड्यावर दुप्पट-तिप्पट खर्च.

पश्चिमेकडच्या राज्यांची एक योजना आहे, वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज. तीत भाग घेतलेल्या संस्था शेजारच्या राज्यांतल्या मुलांकडून स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट घेतात. सगळ्या संस्था त्यात नाहीत आणि सगळे कोर्सही नाहीत, त्यामुळे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा. कोचच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, त्यालाही बऱ्याचदा नीट माहीत नसतं.

२०२५-२६ पासून नियम बदललाय. एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, संघाची आहे: १८ खेळाडू. वाचायला छान वाटतं. पण मर्यादा उठली म्हणजे पैसा आला असं नाही, आणि १८ म्हणजे रोस्टरच्या टोकाला असलेल्या स्थानिक पोरांची जागाच गेली. गणितातल्या ढांनी पाचव्या पायरीत ज्यांचं वजन कमी करायला सांगितलं, ती पोरं आता यादीतच नसतील.

मुलांचे संघ मुळात इतके कमी का, त्यालाही १९७२ च्या टायटल नाइनचा हिशेब आहे. कॉलेजने मुलगे आणि मुलींना प्रमाणात संधी द्यायची. अमेरिकन फुटबॉलचा संघ शंभरावर मुलगे खातो, आणि त्याच्या बदल्यात मुलांचे छोटे खेळ कापले जातात. कायद्याला दोष देण्यापेक्षा फुटबॉलला द्यावा असं माझं मत. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत कॉलेजने २०२० मध्ये पुरुष व्हॉलीबॉल बंद करायची घोषणा केली होती, २०२१ मध्ये ती मागे घेतली. २०१० चा विजेता संघ होता तो!

---

मिडवेस्टकर

@पैशाचं_बोला, म्हणूनच परदेशी पोरं येतात. पूर्ण शिष्यवृत्ती द्यायचीच तर ती अशा खेळाडूला देतात जो पहिल्या दिवशी सामना फिरवेल, आणि तसा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा युरोपातल्या क्लबांत तयार मिळतो. हवाईने बल्गेरियाचा पारापुनोव्ह, नॉर्वेचा थेले, ग्रीसचे खाकास आणि मुखलियास असे एकामागून एक आणले. लाँग बीचने बल्गेरियाच्या निकोलोव्ह घराण्यातले दोघे भाऊ आणले. थोरला अलेक्स, मग धाकटा मोनी, जो २०२५ च्या विजेत्या संघाचा सेटर होता. त्यांचे वडील व्लादिमिर बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघाचे युनिव्हर्सल. जर्मनीचा टोर्वीही लाँग बीचचाच.

यात धोका पात्रतेचा. मुलगा आधी व्यावसायिक संघात खेळलाय का, पैसे घेतले का, शाळा संपल्यावर किती काळ संघटित स्पर्धा खेळला, हे सगळं तपासलं जातं. हवाईचं २००२ चं विजेतेपद अशाच कारणाने काढून घेतलं गेलं, आणि लुईस विद्यापीठाचं २००३ चंही अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल. म्हणून मोजणी करताना परदेशी खेळाडूंचा रकाना वेगळा ठेवा. हवाई ‘विद्यापीठ’ आणि हवाई ‘राज्य’ यांची गल्लत केलीत तर सोफियाचा पोरगा होनोलुलूच्या खात्यात जातो.

---

वाळूतली_चप्पल

बरोबर. आणि उलटंही बघा: हवाई राज्याची पोरं बाहेर. तिथल्या तिघांबद्दल अजून एक धागा आहे. शोजीचे वडील डेव्ह शोजी हवाई विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे चार दशकांचे प्रशिक्षक. क्रिस्टेन्सनची आई विद्यापीठाच्या हिलो शाखेकडून व्हॉलीबॉल खेळलेली. मा'आचे आई-वडील दोघेही व्हॉलीबॉलवाले. त्यांच्या आधीचा होनोलुलूचा क्ले स्टॅनली, बीजिंग २००८ च्या सुवर्णसंघातला युनिव्हर्सल, त्याचे वडील जॉन स्टॅनली १९६८ च्या ऑलिंपिक संघात होते. एलिकॉट सिटीच्या रसेलचे वडीलही पेन स्टेटकडूनच खेळलेले.

आपण जिल्हे मोजतोय, पण पिकतायत ती घराणी. गायकीसारखंच. घरात सेट कसा करायचा हे माहीत असलेलं माणूस असलं की शाळेत संघ असो-नसो, पोराचे हात आठव्या वर्षीच घडतात. उंची कुठेही मिळते, हात मिळत नाहीत.

क्ले स्टॅनलीमुळे ‘हवाई म्हणजे सेटर’ हा सिद्धांत जरा डळमळतो, हे खडूंच्या आधी मीच सांगून टाकतो. दोन मीटर पाच सेंटीमीटरचा माणूस होता तो.

---

खडूची_रेघ

नोंद घेतली. सिद्धांत ‘हवाईतून सेटर आणि लिबेरो जास्त प्रमाणात येतात’ एवढाच ठेवू.

---

आईची_गाडी

सगळ्यांचे आभार. नेट मोजलं. २.२४. कोच म्हणाले ‘मुलं आली की वर करतो’.

आता पुढचं विचारते. टेक्सासमधून कॉलेजच्या कोचच्या नजरेला पडायचं कसं? शाळेचा सामनाच नाही तर बघणार कोण?

---

नेटची_उंची

तारखा आधी लिहून ठेवा.

दहावी संपली की १५ जूनपासून वरच्या पातळीचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात. त्याआधी मुलाने ईमेल केला तरी उत्तरात फार तर ठरावीक कागद येतात. ते रागावून नाही, नियम आहे. कॉलेजच्या खर्चाने भेट अकरावीच्या १ ऑगस्टपासून. यूएसए व्हॉलीबॉलची मुलांची राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा जूनच्या शेवटी ते जुलैच्या सुरुवातीला असते, म्हणजे १५ जूननंतर दोन-तीन आठवड्यांत. ज्या राज्यात शाळेचा संघ नाही तिथल्या मुलासाठी वर्षातली सगळ्यात महत्त्वाची खिडकी हीच. क्लब निवडताना फी आणि जर्सी नंतर बघा, आधी विचारा: गेल्या तीन वर्षांत तुमचा १६ आणि १७ चा संघ तिथे गेला का, आणि कुठल्या विभागात खेळला?

व्हिडिओ: तीन ते पाच मिनिटं. कॅमेरा मागच्या रेषेच्या पाठीमागे, थोडा उंच, म्हणजे पूर्ण कोर्ट आणि ब्लॉक दोन्ही दिसेल. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत चेंडू नेटपासून किती लांब होता ते कळत नाही, त्यामुळे कोच बंद करतात. नुसते स्मॅश जोडू नका. सलग एक पूर्ण रोटेशन (सहाही जागा फिरून होईपर्यंतचा खेळ) द्या, चुकलेला पास धरून. गाणं लावू नका.

मोजमाप: उभ्याने हात किती वर पोचतो, धावत येऊन उडीत किती, ब्लॉकच्या उडीत किती. तीन आकडे आणि मोजल्याची तारीख. व्हर्टेक नावाचा पट्ट्यांचा खांब बहुतेक शिबिरांत असतो, पट्ट्या अर्ध्या इंचाच्या अंतरावर. पालक उंची दोन इंच वाढवून लिहितात, आणि कोच पहिल्या भेटीत चौकटीशी उभं करून ती काढून घेतात.

कागद: एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव. शाळेचे १६ मूळ विषय पूर्ण लागतात, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. पहिल्या विभागासाठी (एनसीएएचे तीन विभाग आहेत, पहिला सगळ्यात वरचा) त्या विषयांची सरासरी २.३. गुण आपल्या मुलांकडे असतात, अडचण वेगळीच येते: ऑनलाइन किंवा उन्हाळ्यात उरकलेला विषय शाळेच्या मान्य यादीत नसतो. समुपदेशकाकडून नववीतच तपासून घ्या.

---

पैशाचं_बोला

आणि तिसऱ्या विभागाला नाक मुरडू नका. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नाहीच, पण अभ्यासाची आणि गरजेची मदत असते, आणि साडेचारातल्या तुकड्यापेक्षा ती मोठी निघू शकते. तिसऱ्या विभागाची पुरुषांची वेगळी स्पर्धा २०१२ पासून आहे, पहिली स्प्रिंगफील्ड कॉलेजने जिंकली. खेळ १८९५ ला जन्मला तोही तिथून जवळच, मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओकला. न्यू जर्सीतलं स्टीव्हन्स २०१५ चं विजेतं, अभियांत्रिकीचं कॉलेज. एमआयटीचाही संघ आहे. प्रिन्स्टन आणि हार्वर्ड वरच्या विभागात खेळतात, पण आयव्ही लीग (पूर्वेकडच्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) असल्याने खेळाची शिष्यवृत्ती तिथेही शून्य.

न्यू जर्सी आणि शिकागोच्या बाजूची मराठी घरं या हिशेबात टेक्सासवाल्यांपेक्षा सुदैवी. शाळेत संघ आहे, तासाभरात कॉलेजं आहेत.

कॅलिफोर्नियात असाल तर कम्युनिटी कॉलेजचा रस्ता आहे, जो बाकी देशात जवळजवळ नाही. ऑरेंज कोस्ट, लाँग बीच सिटी वगैरेंचे मुलांचे संघ आहेत, रहिवाशाला फी युनिटमागे ४६ डॉलर. उशिरा उंची घेणाऱ्या मुलाने दोन वर्षं तिथे काढून मग मोठ्या संघात जायचं. रोस्टरांवरच्या कॅलिफोर्नियाच्या आकड्यात अशी पोरं बरीच दडलेली असतात.

---

गणितातला_ढ

दक्षिणेचा कोरा भागही हळूहळू भरतोय. २०२० मध्ये फर्स्ट पॉइंट व्हॉलीबॉल फाउंडेशन आणि यूएसए व्हॉलीबॉलने मिळून दहा लाख डॉलर देऊन सहा कृष्णवर्णीय परंपरेच्या कॉलेजांत पुरुष संघ उभे केले. अटलांटाचं मोरहाउस त्यातलं. इथे क्रम उलटा आहे: आधी कॉलेजचा संघ, मग आसपासच्या शाळा. पहिली काही वर्षं त्यांच्या रोस्टरवर बाहेरच्या राज्यांची नावं जास्त दिसणार.

तक्त्यात सातवा रकाना वाढवलाय: ‘खेळाडू नववीत होता तेव्हा त्याच्या राज्यात मुलांचा व्हॉलीबॉल अधिकृत होता का’. हो किंवा नाही. मिनेसोटाचा पहिला अधिकृत हंगाम २०२५ च्या वसंतातला, त्या वेळी नववीत असलेली मुलं २०२९ च्या रोस्टरवर येतील. तोवरच्या मिनेसोटाच्या सगळ्या नावांपुढे ‘नाही’.

यूसीएलए, लाँग बीच आणि हवाई मी घेतो. पेन स्टेट आणि लॉयोला कोण घेतंय?

---

मिडवेस्टकर

लॉयोला आणि ओहायो स्टेट माझ्याकडे. ब्रिगहॅम यंग कुणीतरी सावकाश घ्या. तिथली पोरं मध्येच दोन वर्षं मॉर्मन चर्चच्या धर्मप्रसाराला जातात, एकाच खेळाडूचं नाव मध्ये दोन-तीन वर्षांची फट पडून पुन्हा दिसेल.